दीड वीत

पुण्याच्या मंडईत प्रत्येक गोष्टीचं माप निराळं. कोथिंबीर जुडीने, लिंबं वाट्याने, केळी डझनाने, नारळ नगाने. छटाकभर मिरची मागणाऱ्या आजीबाई अजून आहेत आणि ती न हसता देणारे भाजीवालेही आहेत. गजरा हातावर मोजून. खाली हा सगळा व्यवहार चालू असताना मी रामेश्वर चौकाच्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसून पस्तीसेक वर्षं अंतर विकत आलो. लोक त्याला विमानाची तिकिटं म्हणतात.

१९८९ साली मी इथे कारकून म्हणून लागलो. मालकांना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागलो. खोलीत दोन टेबलं, एक ट्रंककॉलच्या जमान्यातला फोन, भिंतीवर जगाचा नकाशा आणि कपाटावर बारा इंची पृथ्वीगोल. तो गोल काकांनी जुन्या बाजारातून आणला होता. त्याच्यावर सोव्हिएत युनियन आहे आणि मुंबईचं अजून बॉम्बे आहे. पहिल्या दिवशी काकांनी माझ्यासमोर दोन जाडजूड पुस्तकं आपटली. एकात जगभरच्या विमानांची वेळापत्रकं, दुसऱ्यात भाडी. म्हणाले, "हे पाठ होत नाही, पण हाताला वळण लागतं."

त्या काळी भाडं मैलांवर बसायचं, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. दोन शहरांमधलं सरळ अंतर धरायचं, त्यावर साधारण वीस टक्के जादा मुभा, आणि तेवढ्या मैलांच्या आत तुम्ही वाटेल तिथून वळसा घेऊन गेलात तरी भाडं तेच. मर्यादा ओलांडली की पाच टक्के जादा, आणखी ओलांडली की दहा, असं करत पंचवीसपर्यंत. त्याच्या पुढे मात्र तिकीट मोडून नव्याने हिशोब मांडायचा. मुंबई–लंडन सरळ अंतर साधारण ४,४८० मैल. त्याच्या वीस टक्के वर म्हणजे ५,३७० च्या आसपास. एका टप्प्यापुढे दुसरा टप्पा लिहायचा, मैलांची बेरीज करायची, मर्यादेशी ताडून बघायची. माझी सगळी उमेदवारी या बेरजेत गेली.

हा नियम पुणेकराच्या हाती पडला की काय होतं, ते मी पाहिलंय. सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक मुलाकडे लंडनला निघाले होते. मी त्यांना वाटेत अथेन्स, रोम आणि पॅरिस घालून दिलं. बेरीज आली ४,७७० च्या घरात. अगदी सहज बोलून गेलो, "सर, अजून सहाशे मैल उरतात." ते खुर्चीत ताठ झाले. "उरतात म्हणजे? वाया जाणार?" त्यानंतर तीन संध्याकाळ ते स्वतःचा नकाशा आणि फूटपट्टी घेऊन येत राहिले. व्हिएन्ना बसतं का, झुरिक बसतं का, रोमच्या ऐवजी इस्तंबूल घेतलं तर किती वाचतात. भाजी घेतल्यावर वर चार काड्या कोथिंबीर मागावी, तशी त्यांनी माझ्याकडून झुरिक मागून घेतली. शेवटी अठरा मैल शिल्लक राहिले, त्याचीही त्यांना हळहळ होती.

फूटपट्टीने मात्र त्यांचं उत्तर चुकायचं, कारण भिंतीवरचा नकाशा खोटं बोलतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचा भाग ताणला जातो, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसायला लागतं. त्यावर मुंबईपासून अमेरिकेपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक अशी पश्चिमेला जाते. विमान तसं जात नाही. काकांची पद्धत साधी होती. खाली जाऊन फुलवाल्यांकडून दोरा आणायचा, त्याचं एक टोक गोलावर बॉम्बेवर धरायचं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. ती वाट मध्य आशियावरून चढत चढत पार बर्फाळ उत्तरेत जाते आणि पलीकडे उतरते.

गिऱ्हाईकाला हे पटवण्यासाठी मी पुढे एक युक्ती काढली. खिडकीतून मंडईचा आठ बाजूंचा मनोरा दिसतो. १८८६ साली ही इमारत उघडली तेव्हा तिचं नाव गव्हर्नराच्या नावावरून रे मार्केट होतं. ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला मिळालं. पुणं असं आहे. तर मी सांगायचो, "इथे उभं राहून अमेरिकेकडे तोंड करा." दहातले नऊ लोक लक्ष्मी रस्त्याने डेक्कनकडे, म्हणजे पश्चिमेला वळायचे. मी त्यांना खांद्याला धरून फिरवायचो. सॅन फ्रान्सिस्को हवं असेल तर तोंड कसबा गणपतीकडे. उत्तर, किंचित पूर्वेला झुकलेली. न्यू जर्सीला मुलगी असेल तर शनिवारवाड्याच्याही डाव्या हाताला. बाबा लोक हे ऐकून गप्प व्हायचे. इतकी वर्षं संध्याकाळी ज्या दिशेला बघून मुलाची आठवण काढली, ती दिशा चुकीची होती, असं कळल्यावर माणूस काय बोलणार?

फुलवाल्या मावशी माझ्या माडीवर पहिल्यांदा आल्या त्या अशाच एका संध्याकाळी. त्यांच्याकडूनच आम्ही दोरा न्यायचो, त्यामुळे ओळख जुनी. मुलगा कंपनीतर्फे सॅन होजेला गेला होता, सून बाळंत होणार होती, आणि मावशींना बोलावणं आलं होतं. पासपोर्ट पिशवीत गुंडाळून आणला होता. जिन्याने दम लागलेला. बसल्या बसल्या विचारलं, "दादा, किती लांब आहे ओ?"

मी म्हणालो, "साडेतेरा हजार किलोमीटर."

त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चूक माझीच होती. तेरा हजार ही काय माणसाने समजून घ्यायची गोष्ट आहे? मी गोल खाली काढला, दोरा ताणला. मावशींनी माझ्या हातातून दोरा घेतला आणि जन्मभर गजरा मोजलेल्या बोटांनी मोजला. एक वीत. मग अर्धी.

"दीड वीत?"

"दीड वीत."

मग त्यांनी सगळंच मोजायला घेतलं. दुबई तीन बोटं. लंडन पाऊण वीत. ऑस्ट्रेलियाचं सिडनी एक वीत आणि बोटभर. शेवटी गोलाच्या बरोबर उलट्या बाजूपर्यंत दोरा नेला, तर तो जेमतेम हातभर भरला. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "हातापेक्षा लांब कुणी राहतच नाही." बारा इंची गोलाचं हे गणित बरोबर आहे. पृथ्वीचा अर्धा घेर वीस हजार किलोमीटर, आमच्या गोलावर तो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. तीस वर्षं मी तो गोल पुसत होतो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

अंतर असं बोटांवर बसतं. वेळ बसत नाही.

समजा मुंबईहून विमान रात्री दीड वाजता निघालं आणि न्यूअर्कला त्याच दिवशी सकाळी सातला पोचलं. तिकिटावर दोन्ही तिथल्या तिथल्या वेळा छापलेल्या असतात. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे खरा प्रवास सोळा तासांचा. पण कागदावर वजाबाकी केली तर साडेपाच. "साडेपाच तासांत अमेरिका? आमची एसटी सोलापूरला तेवढं घेते," असं म्हणून खूश होऊन गेलेली माणसं मला माहीत आहेत. परत येताना रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी रात्री नऊला मुंबई, कागदावर साडेचोवीस तास, खरे चौदा. जाताना सोळा आणि येताना चौदा का, हा पुढचा प्रश्न. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना विमान ते पाठीवर घेतं, जाताना छातीवर. साडेबारा हजार किलोमीटरला ताशी नऊशेने भागलं तर चौदा येतात, पण भागाकाराला वारा माहीत नसतो.

एका हिशोबात मी साफ हरलो, आणि तो माझ्या खिशातून गेला. एक वयस्कर जोडपं होतं. तिकिटावर १६ जानेवारी, ००.५५. मी घाईत तोंडी सांगितलं, "सोळा तारखेला रात्री." ते सोळा तारखेला रात्री, सगळ्यांना नमस्कार करून, पुण्याहून गाडी करून विमानतळावर पोचले. विमान त्याआधी जवळजवळ एक दिवस उडून गेलं होतं. फरकाचे पैसे मी भरले, आणि त्या काकूंनी मला जे ऐकवलं तेही मुकाट ऐकलं. विशेष म्हणजे त्यांची बाजू बरोबर होती. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रात्रीचे पाऊण-एक वाजले तरी आपल्या लेखी ती आदल्याच दिवसाची रात्र असते. तिकीट मात्र मध्यरात्रीच्या ठोक्याला तारीख पालटतं. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं आपल्याकडून नेमकी याच वेळात सुटतात, कारण तिकडे सकाळी उतरायचं असतं आणि तिकडच्या काही विमानतळांवर रात्री उतरायला बंदी असते. म्हणजे हा घोटाळा कधी संपणारा नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर लाल शाईने लिहितो: '१५ तारखेची रात्र. जेवण करून निघणे.' पुढे २००८ साली कागदी तिकिटं बंद झाली, पाकिटात घालायला काही उरलं नाही, पण मी कोरं पाकीट देतच राहिलो. लोक ते घेतातही.

आणि मंडई ते मुंबईचा सहार विमानतळ. हा टप्पा कुठल्याच वेळापत्रकात नाही. दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. दीड वाजताच्या विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, गाडीला चार तास धरायचे, खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा पडला तर म्हणून आणखी एक. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला घरातून बाहेर. द्रुतगती मार्गाआधी तर जेवणाचा डबा घेऊन दुपारीच निघायचे लोक. "पुण्याहूनच विमान का नाही हो?" हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो. एकदा आलं होतं. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे–फ्रँकफर्ट सुरू केलं, पुढे ते थांबलं. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, जागा समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंच. उंचावरची आणि तापलेली हवा पातळ, पंखाला ती कमी उचलते. पोटात सोळा तासांचं इंधन भरलेलं मोठं विमान तेवढ्या धावेत वर उठणं कठीण. मी हे समजावतो, समोरचा मान डोलावतो, आणि जाता जाता म्हणतो, "पण नवीन टर्मिनल झालंय ना आता." झालंय, २०२४ मध्ये. त्याने पट्टी लांब होत नाही.

वाट लांब-आखूड व्हायला आणखी एक कारण असतं, ते मला फार उशिरा शिकायला मिळालं. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटचा हवाई हल्ला झाला आणि पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते थेट जुलैपर्यंत. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची विमानं वळसा घालून जाऊ लागली आणि व्हिएन्नात इंधनासाठी उतरू लागली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं. २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना पुन्हा मिटलं. गोलावरचा दोरा या सगळ्यात एक सूतभर हलला नाही. लोक फोन करून विचारायचे, "काय हो, अमेरिका लांब गेली का?" मी म्हणायचो, हो, या महिन्यात जरा लांब गेलीय. मंडई विद्यापीठात, म्हणजे खालच्या गप्पांच्या कट्ट्यावर, मात्र यावर रोज व्याख्यानं. कट्ट्यावरच्या एका केळीवाल्याने तर वरून जायला मिळत नसेल तर समुद्राखालून बोगदा का काढत नाहीत, असा प्रस्ताव मांडला, आणि तो बहुमताने मंजूर झाला.

उलट दिशेनेही घडतं. २००७ साली एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क न थांबता सुरू केलं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. तोवर त्यांच्या विमानाने जाताना वाटेत उतरून चढावं लागे. आणि २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहवैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, ते उत्तर ध्रुवावरून. न थांबता, सतरा तासांच्या आसपास. त्यांच्यात आकांक्षा सोनवरे हे आपल्याकडचं नाव होतं. काका तेव्हा हयात असते तर त्यांनी तो फुलांचा दोरा काढून मला नुसता दाखवला असता.

एक हिशोब मात्र मी कधी विसरलो नाही.

हिवाळ्यातली सोमवारची सकाळ. सहा वाजता घरचा फोन वाजला. जवळच्याच पेठेतलं घर, माझी जुनी गिऱ्हाइकं. वडील पहाटे गेले होते, एकुलता एक मुलगा कॅलिफोर्नियात. तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार. तेव्हा मुंबईहून थेट विमान नव्हतं, ते २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालं. मी दुकान उघडलं आणि पडद्यावर सगळ्या वाटा लावून पाहिल्या. सगळ्यात लवकरची निघाली हाँगकाँगमार्गे. तिकडे रात्री एकला निघायचं, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच. तिथून मुंबईपर्यंत मधल्या मुक्कामासकट चोवीस तास. मग इमिग्रेशन, सामान, घाट. मंगळवारी रात्री आठ. मी टेबलावरच्या कागदावर बेरीज केली, पुन्हा केली. मुलाचे मामा समोर उभे होते, मफलर बांधलेले, पायात घरातल्याच सपाता.

"किती?"

"आत्तापासून अडतीस तास."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली भाजीच्या गाड्या उतरत होत्या. "मग नाही थांबत," ते म्हणाले. "ताई नाही काढू शकणार दोन रात्री." आणि तिथूनच त्यांनी भाच्याला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती, तीही फार नव्हती. मग फोन माझ्याकडे आला.

मुलगा शांत होता. म्हणाला, "काका, ते अडतीस तासवालं राहू द्या. दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत होईल सगळं. आता लवकरची वाट नको. दहाव्याच्या आत पोचलो की झालं. त्यातल्या त्यात स्वस्त बघा."

मी पडद्यावरचा रकाना बदलला. आधी तो वेळेने लावलेला होता, आता भाड्याने. तीच शहरं, तीच विमानं, नुसता क्रम पालटला. सगळ्यात स्वस्त वाट दोन ठिकाणी थांबून जाणारी निघाली, बेचाळीस तासांची. ती मी त्याला काढून दिली.

फुलवाल्या मावशी सहा महिन्यांनी अमेरिकेहून परत आल्या. त्यांना एकट्याने पाठवताना मी चार पानी चिठ्ठी मराठीत लिहून दिली होती. कुठे काय दाखवायचं, व्हीलचेअर मागितलेली आहे तेव्हा 'मला चालता येतं' असं म्हणून उठायचं नाही, आणि वेळ कशी ओळखायची: 'दुसरं मोठं जेवण आलं की उतरायला थोडंच राहिलं.' जिना चढून त्या वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिलं वाक्य टाकलं, "दादा, तुझा दोरा खोटा आहे."

"का हो?"

"दीड वीत म्हणालास. पाय एवढे सुजले." त्यांनी हाताने दाखवलं. "जेवणं तीन आली. तिसरं आल्यावर वाटलं आता परत निघालं की काय."

मी चहा मागवला. नातवाचे फोटो बघून झाले. मग त्यांनी स्वतःच उठून गोल खाली घेतला, त्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बहिणीचं इंदापूर दाखव की यात."

मी शोधलं. पुण्याचंच नाव बारीक अक्षरात, इंदापूर कुठून असणार? मी सांगितलं की इथून इंदापूर या गोलावर नखाच्या टोकाएवढंच भरेल, ते दोऱ्याने मोजता यायचं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"तिकडे तीन वर्षं जाणं झालं नाही," मावशी म्हणाल्या. "एक दिवस गाळा बंद ठेवला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक शेजारणीकडे बसतं." खालून कुणीतरी त्यांना हाक मारली. गुरुवार होता, संध्याकाळची हारांची वेळ झाली होती. कप खाली ठेवून, कठड्याला धरत, एकेक पायरी मोजत त्या उतरल्या.